समजलं का, हे कसं विचारावं?

२ ऑगस्ट १९२८ रोजी गांधीजी गुजरातमधल्या बारडोलीत दाखल झाले. वल्लभभाई पटेलांना कोणत्याही दिवशी अटक होईल अशी चिन्हे होती आणि ती झालीच तर शेतसारा न भरण्याच्या लढ्याची सूत्रे हाती घ्यायला माणूस जागेवर हवा होता. त्या आठवड्यात बारडोलीत ज्याच्या-त्याच्या मनात घोळणारा प्रश्न साध्या शब्दांत असा मांडता येईल: मधला माणूस उचलून नेला, तर बाकीचे जाळे उभे राहील का?

नेटवर्कच्या अभ्यासात हा प्रश्न नित्याचा आहे. एखादा बिंदू पुसला तर जाळे तुटते का, तुटले तर त्याचे किती तुकडे होतात, हे आज पडद्यावरच्या बिंदू-रेषांकडे बोट दाखवून विचारले जाते. चित्र काढणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. पाहणाऱ्याला ते दिसते का, किती वेळात दिसते, भलतेच काही तर दिसत नाही ना, हे तपासणारी एक स्वतंत्र विद्याशाखा गेल्या तीसेक वर्षांत उभी राहिली आहे. मराठी वाचकाला तिथे बोलावण्यासाठी हे पुस्तक आहे. प्रस्तावना बारडोलीत बसून लिहीत असल्यामुळे उदाहरणासाठी मला तालुक्याबाहेर जावे लागले नाही.

तेव्हाचा बारडोली तालुका वालोड महाल धरून १३७ गावांचा होता. सरकारने जमीन महसूल २२ टक्क्यांनी वाढवला आणि १२ फेब्रुवारी १९२८ रोजी शेतकऱ्यांनी तो न भरण्याचा ठराव केला. वल्लभभाईंनी तालुका छावण्यांमध्ये वाटून घेतला. बिपन चंद्र यांच्या स्वातंत्र्यलढ्यावरील ग्रंथात १३ छावण्या, १०० कार्यकर्ते आणि १५०० स्वयंसेवक असा हिशेब येतो. रविशंकर महाराज, मोहनलाल पंड्या, दरबार गोपाळदास, डॉ. चंदुलाल देसाई अशी तोलाची माणसे छावण्यांवर बसली. रोजची सत्याग्रह पत्रिका गावोगाव जाई. जप्तीचे पथक दिसले की ढोल वाजत, घरांना कुलपे लागत, म्हशी आत बांधल्या जात. कोण डळमळतो आहे याची खबर उलट दिशेने बारडोलीच्या स्वराज आश्रमात येई. महादेवभाई देसाईंचा बारडोलीवरचा ग्रंथ नेटवर्कचा विद्यार्थी म्हणून वाचला, तर बातमी कुठून निघाली आणि कुठे पोचली याचा माग पानापानावर लागतो.

हे जाळे कागदावर कसे उतरवायचे? पहिली रीत सर्वांच्या ओळखीची. मध्ये स्वराज आश्रमाचा बिंदू, भोवती वराड, सरभोण, वालोड, मढी अशा छावण्या, त्यांच्या पलीकडे गावे आणि सगळ्यांना जोडणाऱ्या रेषा. चित्र सूर्यफुलासारखे उमलते. मधला बिंदू किती महत्त्वाचा हे शाळकरी पोरही सांगेल. पण गावे एवढ्याच धाग्यांनी बांधलेली नव्हती. पाटीदारांच्या सोयरिकी होत्या, सावकाराची देणी होती, आठवडी बाजार होते. तीही नाती त्याच कागदावर ओढली की सूर्यफुलाचा पिंजलेला कापूस होतो आणि बोट ठेवायला जागा उरत नाही.

दुसरी रीत तक्त्याची. १३७ गावे उभ्या बाजूला, तीच १३७ आडव्या बाजूला आणि ज्या दोन गावांत नाते असेल त्यांच्या चौकटीत काळा ठिपका. एकूण १८,७६९ चौकटी. रस्त्यांच्या नकाशावहीत शेवटी शहरांमधल्या अंतरांचा तक्ता असतो, त्याचाच हा भाऊ. इथे एक रेषा दुसरीवर चढत नाही, कारण रेषाच नाहीत. अमक्या दोन गावांत नाते आहे का, हे क्षणात कळते. पण वराडची बातमी वालोडला कोणत्या वाटेने गेली असेल हे शोधायला बसलो, तर ओळीतून स्तंभात, स्तंभातून पुन्हा ओळीत अशा उड्या माराव्या लागतात आणि तिसऱ्या उडीला आपण कुठून निघालो हेच विसरायला होते.

तिसरी रीत नकाशाची. गाव जिथे आहे तिथेच त्याचा बिंदू, मधून मिंढोळा नदी, तापी व्हॅलीचा लोहमार्ग. स्थानिक माणसाला आपले गाव लगेच सापडते आणि एकदा ते सापडले की तो चित्रात शिरतो. हा फायदा छोटा नाही. मात्र दोन गावे शेजारी दिसली की त्यांचे सख्य असणार असे डोळा परस्पर ठरवून टाकतो.

या तिन्हींत चांगले चित्र कोणते, या प्रश्नाला तसेच उत्तर देता येत नाही. कशासाठी, कोणासाठी आणि केवढ्या जाळ्यासाठी, हे आधी सांगावे लागते. ही गोष्ट आज उघड वाटते, पण ती उघड व्हायला बराच काळ गेला.

बिंदू-रेषांचा इतिहास सांगताना कोनिग्सबर्गच्या सात पुलांपासून आणि लिओनार्ड ऑयलरपासून सुरुवात करण्याचा रिवाज आहे. १७३० च्या दशकात त्याने ते कोडे सोडवले, पण आज आपण काढतो ते बिंदू-रेषांचे चित्र त्याने काढले नव्हते. त्याने युक्तिवाद केला होता. माणसांच्या नात्यांची अशी चित्रे रूढ केली ती जेकब मोरेनो यांनी, १९३४ च्या आपल्या ग्रंथात. कोणती मुलगी कोणाशेजारी बसू इच्छिते, हे त्यांनी बिंदू आणि बाणांनी दाखवले. पुढे संगणक आला. १९८४ मध्ये पीटर ईड्स यांनी बिंदूंमध्ये जणू स्प्रिंगा बसवल्या आहेत अशी कल्पना करून चित्र आपोआप मांडण्याची पद्धत दिली आणि मांडणीच्या रीतींचे पीक आले. प्रत्येक रीत स्वतःला सुवाच्य म्हणवत होती. रेषा एकमेकींना छेदू नयेत, फार वळू नयेत, चित्र सममित असावे, असे नियम सगळे पाळत होते. पण ते वाचकाला विचारून ठरलेले नव्हते.

विचारले हेलेन पर्चेस यांनी. या क्षेत्राची सुरुवात मी त्यांच्यापासून धरतो. १९९५ च्या सुमारास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माणसांसमोर चित्रे ठेवून, प्रश्न घालून, उत्तरे आणि वेळ मोजायला सुरुवात केली. १९९७ मध्ये त्यांनी पाच नियम एकमेकांशी ताडून पाहिले: छेद, वळणे, सममिती, रेषांमधले कोन आणि आडव्या-उभ्या जाळीत बसणारी मांडणी. छेद कमी असण्याचा परिणाम सर्वांत मोठा निघाला. वळणे आणि सममिती यांचा थोडासा. उरलेल्या दोघांचा परिणाम दिसलाच नाही. संगणकशास्त्रज्ञ ज्या गुणांसाठी वर्षानुवर्षे सूत्रे घडवत होते, त्यांतल्या काहींचे वाचकाला सोयरसुतक नव्हते. पुढे २००२ मध्ये कॉलिन वेअर आणि पर्चेस यांच्या गटाने दाखवले की, एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत जाताना वाट सरळ पुढे वाहती असणे फार मदतीचे असते. डोळ्यांच्या हालचाली टिपणारे यंत्र वापरून वेईदोंग हुआंग आणि सहकाऱ्यांनी आणखी एक बारकावा टिपला: रेषा काटकोनाच्या जवळपास छेदत असतील तर डोळा फारसा अडखळत नाही, निमुळत्या कोनात छेदल्या की तो वाट चुकतो. बैलगाडीच्या वाटांचे फाटे ज्याने पाहिले आहेत त्याला हे पटायला प्रयोग लागणार नाही. पण प्रयोग झाला म्हणून ते मोजता आले.

तक्ता आणि रेषाचित्र यांची समोरासमोर गाठ घालणारा अभ्यास २००४ मध्ये मोहम्मद घोनियम, ज्याँ-दानिएल फेकेत आणि फिलिप कास्तालियोला यांनी केला. जाळे वीसेक बिंदूंच्या पलीकडे गेले, त्यात दाटी झाली, की बहुतेक प्रश्नांना तक्ता सरस ठरला. अपवाद वाट शोधण्याचा. तिथे रेषाचित्राने बाजी मारली. वर वराड-वालोडचे उदाहरण दिले ते यामुळेच. तक्त्याला नवखेपणाचा तोटा असतो, हेही लक्षात ठेवावे. रेषा म्हणजे संबंध हे कोणी शिकवावे लागत नाही. ठिपका म्हणजे संबंध हे शिकवावे लागते. म्हणून चाचणीआधी किती मिनिटे समजावून सांगितले, हे निकालाइतकेच महत्त्वाचे. तक्त्यातल्या ओळींचा क्रमही तसाच. जाक बर्तँ या फ्रेंच नकाशाकाराने १९६७ मध्येच दाखवून दिले होते की, ओळी आणि स्तंभ हलवून शेजारी-शेजारी आणले की विखुरलेल्या ठिपक्यांचे पुंजके होतात आणि अर्थ वर येतो. गावे वर्णानुक्रमे लावाल तर तक्ता मुका राहील, छावणीवार लावाल तर बोलेल.

माझ्या मते विद्यार्थ्याने सर्वांत आधी वाचावा असा निबंध मात्र तिसराच आहे. कॅथलीन मॅकग्रा, जिम ब्लाइद आणि डेव्हिड क्रॅकहार्ट यांनी १९९७ मध्ये एकच जाळे पाच वेगवेगळ्या मांडण्यांत काढले. बिंदू तेच, रेषा त्याच, फक्त कागदावरच्या जागा बदललेल्या. आणि लोकांची उत्तरे बदलली: यात प्रमुख कोण, दुवा साधणारा कोण, गट किती. ज्याला मध्ये बसवले तो मोठा वाटला. १९२८ च्या चित्रात मी स्वराज आश्रम मध्यभागी काढला, तेव्हा वाचकाच्या तोंडात उत्तर घालून मगच त्याला प्रश्न विचारला होता. असे चित्र चुकीचे असतेच असे नाही. पण त्यावरून वाचकाला कळले असे म्हणायचे असेल, तर मी तेच जाळे आश्रम कोपऱ्यात ठेवून दुसऱ्या कोणाला दाखवले पाहिजे.

आवड आणि समज यांची गल्लतही अशीच फसवी. मॅक्सवेल रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी पॅरिसच्या मेट्रोचा नकाशा पूर्ण वळणदार रेषांत काढून २०१३ मध्ये अधिकृत नकाशाशी ताडला. वळणदार नकाशावर प्रवास लवकर आखता आला. पण कोणता आवडला या उत्तराचा आणि कोणता जमला या मोजणीचा मेळ बसला नाही. दिशेचेही तसेच. डॅनी होल्टन आणि यार्क व्हॅन वाइक यांनी २००९ मध्ये दिशा दाखवण्याच्या रीती तपासल्या, तेव्हा आपला नेहमीचा बाण मागे पडला आणि एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती होत जाणारी रेषा पुढे गेली. आदेश आश्रमातून गावाकडे, खबर गावातून आश्रमाकडे, असे दुहेरी जाळे काढणाऱ्याला या निष्कर्षाची गरज पहिल्याच दिवशी पडते.

मराठी वाचक या विषयाला अगदीच परका नाही. कुलवृत्तान्तातला वंशवृक्ष हे आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलेले बिंदू-रेषाचित्र आहे आणि त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांच्या वह्या हे त्याचेच यादीतले रूप. पण वृक्ष म्हटले की फांद्या पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत असे गृहीत असते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरील ग्रंथात दक्षिणेतली आणि महाराष्ट्रातली आते-मामे भावंडांची लग्ने तपशिलाने मांडली. मामाची मुलगी सून होऊन घरात आली की वृक्षाच्या दोन फांद्या जुळतात आणि वृक्षाचे जाळे होते. छापील वंशवृक्ष अशा वेळी तिचे नाव दोनदा लिहितो, किंवा माहेरची रेषा गाळतो. ही ती एकच बाई आहे, हे वाचणाऱ्याला कळते का? मराठी घरांत बसून करता येईल असा हा उत्तम प्रयोग आहे आणि त्याला यंत्र लागत नाही.

आता कोणाला विचारायचे ते. वर सांगितलेल्या बहुतेक प्रयोगांत उत्तर देणारे विद्यापीठातले विद्यार्थी होते. तेच हाताशी असतात. इव्हान पेक आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागातल्या ४२ जणांना बाजारात, बांधकामावर गाठून तक्ते-आलेख दाखवले, तेव्हा कोणते चित्र उपयोगाचे हे ठरवताना लोक स्वतःच्या आयुष्याशी त्याचा धागा जुळतो का हे पाहत होते. आपल्या देशात इंद्राणी मेधी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की, एकही अक्षर नसलेल्या पडद्यावरसुद्धा पातळीखाली पातळी अशी रचना ओलांडणे आणि शालेय शिक्षण यांचा संबंध असतो. म्हणजे अक्षरे काढून टाकली की चित्र सगळ्यांसाठी सोपे झाले, हा समज टिकत नाही. याची दुसरी बाजूही गुजरातेतच सापडते. १९८८ च्या सुमारास इथल्या खेड्यांत सहभागी ग्राम-मूल्यावलोकनाचे प्रयोग सुरू झाले. गावातल्या संस्था लहानमोठ्या गोल कागदांनी मांडायच्या, जवळच्या जवळ, दूरच्या दूर. त्याला कार्यकर्ते चपाती आकृती म्हणत. ज्यांनी कधी आलेख पाहिला नव्हता ते जमिनीवर तो मांडत होते आणि एकमेकांची मांडणी दुरुस्त करत होते. स्वतः मांडलेले जाळे आणि दुसऱ्याने छापून आणलेले जाळे, यांच्या वाचनात किती अंतर पडते? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

बारडोलीत असा वाचक दरवर्षी चालून येतो. गाळपाचा हंगाम सुरू झाला की धुळे-नंदुरबारकडून, डांगातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या इथे उतरतात. यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून बारडोलीच्या साखर कारखान्यांशी जोडलेल्या या स्थलांतराचा अभ्यास केला. कारखाना, मुकादम, कोयता हे ते जाळे. कोयता म्हणजे इथे हत्यार नव्हे, तोडणारा आणि त्याच्या जोडीने पाचट काढून मोळी बांधणारी, असे मिळून एक एकक. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून येते आणि तिच्यामागोमाग माणूस बांधला जातो. कोणत्या गावचे किती कोयते, कोणाची किती उचल फिटली, कोण कोणाचा मेहुणा, हे अनुभवी मुकादमाच्या डोक्यात असते. त्याच्यासमोर हे जाळे रेषांनी ठेवावे की तक्त्याने, हा प्रश्न घोनियम यांच्या प्रश्नाइतकाच शास्त्रीय आहे. इथे एक पथ्य मात्र कडक पाळायचे. खऱ्या उचलीचे खरे जाळे चाचणीसाठी कागदावर आणू नये. कोणी कोणाचे देणे लागतो हे चित्र चुकीच्या हातात पडले, तर त्याची किंमत मजूर मोजतो. नावे बदला, आकडे बदला, गावे कल्पित घ्या.

दुसरे पथ्य आपल्या बोलण्याचे. "समजलं का?" असे विचारले की आपल्याकडे उत्तर "हो" असेच येते. साहेबांनी एवढे चित्र काढून आणले, त्यांना नाही कसे म्हणायचे? या होकाराची नोंद म्हणजे समजेची नोंद नव्हे. त्यापेक्षा एक काम द्यावे. "ही बातमी इथून तिथे पोचवायची आहे, कोणाकोणाला सांगाल?" मग बोट कुठे फिरते ते पाहावे. "सांगता येत नाही" हेही मानाचे उत्तर आहे, असे सुरुवातीलाच सांगून ठेवावे. तेच जाळे दोन रीतींनी दाखवायचे असेल तर दुसऱ्या वेळी नावे बदलून, चित्र फिरवून दाखवावे, नाहीतर आपण आठवण मोजतो आणि समज मोजली असे लिहितो. अर्ध्यांना आधी तक्ता, अर्ध्यांना आधी रेषाचित्र. आणि लेबले देवनागरीत. स्तंभांची नावे उभी फिरवून छापण्याची पद्धत रोमन लिपीसाठी रुळलेली आहे. शिरोरेषा उभी झाली आणि वरखालच्या मात्रा डावी-उजवीकडे गेल्या की वाचन किती मंदावते, हे आपल्यालाच मोजावे लागेल.

एका गोष्टीपाशी मात्र मी या पुस्तकाच्या लेखनात वारंवार थांबलो. १९२८ चे जे चित्र वर काढले, त्यात शेतकऱ्यांची गावे आहेत, कार्यकर्त्यांच्या छावण्या आहेत. त्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे दुबळा समाजाचे हाळी, ज्यांना पुढे हळपती म्हटले गेले, ते त्यात बिंदू म्हणून कुठेच नाहीत. ब्रेमन यांच्या १९७४ च्या ग्रंथात जमीनमालक आणि हाळी यांचे बांधलेपण सविस्तर आले आहे. म्हणजे नाते होते, घट्ट होते. मी काढलेल्या चित्रावर वाचकाने दहाच्या दहा प्रश्नांची अचूक उत्तरे दिली, तर समजेची चाचणी त्याला पूर्ण गुण देईल. काय काढलेले नाही, हे त्याला जाणवले का, याचा प्रश्न आमच्या चाचण्यांत क्वचित असतो. तो कसा विचारावा यावर या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आहे आणि ते सर्वांत कच्चे आहे, हे मला माहीत आहे. नव्या अभ्यासकाने तिथूनच काम उचलावे अशी माझी इच्छा आहे.

गणित येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. पहिल्या दोन प्रकरणांना कागद, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरेल. पहिल्या प्रकरणाच्या आधी १९२८ च्या छावण्यांचे एक कोरे रेषाचित्र छापले आहे. ते घरातल्या किंवा शेजारच्या कोणा एकासमोर ठेवा. स्वराज आश्रमाचा बिंदू अंगठ्याने झाका आणि विचारा, वराडची बातमी आता वालोडला कशी जाईल? घड्याळ लावा आणि त्यांचे बोट कागदावर टेकेपर्यंत काही बोलू नका.